मालसुनचे आयगो

गोधड्यांच्या कपाटात डोकं खुपसून मी "आयगो" म्हणत होते आणि बाहेर ग्यूहो माईकची वायर धरून उभा होता.

"मावशी, झालं का?"

"थांब रे, पाय घसरल्याचा राहिलाय."

"पण सगळे सारखेच ऐकू येतात."

मी डोकं बाहेर काढलं. दुखो की आनंद होवो, आम्हा कोरियन माणसांच्या तोंडून आयगोच निघतो. "सारखे? हा उठतानाचा, यात गुडघा आहे. हा दुसऱ्याचं बाळ बघतानाचा, यात साखर आहे. हा मुळा स्वस्तात मिळाल्याचा. आणि हा मयताचा."

"आणि मधला तो छोटा?"

"तो खरा होता. कोपराला दार लागलं."

ग्यूहोने मान डोलावली. लग्न न झालेली मुलं काही न समजता डोलावतात तशी. ती मान मी तेव्हाच ओळखायला हवी होती.

हा खटाटोप मालसुनच्या आवाजासाठी चालला होता; गोधड्यांत बाहेरचा गोंगाट शिरत नाही. बुसानमध्ये ईल मासे भाजणाऱ्या एका खाणावळीच्या वरच्या खोलीत आम्ही तिघं मिळून एक व्हिडिओ गेम बनवत होतो. सोलबी मालकीण. वयाने लहान, म्हणून मला ताई म्हणते आणि हुकूम देताना जरा लाजते. ग्यूहो संगणकाकडून कामं करून घेतो. चित्रं माझी. मालसुन ही आमच्या गेमची नायिका. मासळीबाजारात बसणारी, साठीकडे झुकलेली बाई. केसांची घट्ट कुरळी टोपली, हातात गुलाबी रबरी मोजे, अंगात फुलाफुलांचं कापूस भरलेलं जाकीट. समुद्रातला ड्रॅगन अख्ख्या बाजाराची मासळी पळवतो आणि मालसुन ती परत आणायला निघते. हत्यार म्हणजे बर्फात गोठून दगड झालेला बांगडा.

पण तिची खरी विद्या पर्स फेकण्याची. मेट्रोत लांबवर जागा रिकामी दिसली की आमच्या बायका आधी पर्स फेकतात, मग मागून देह पोचतो. मालसुनचा देह पर्सबरोबरच पोचतो. दरी असो, जहाज असो, पर्स पडली की बाई तिथे.

"हे कुठे सुचलं तुला?" मी ग्यूहोला विचारलं होतं.

"रविवारी आईबरोबर मेट्रोने जातो ना."

मालसुनच्या आधी मी बरीच वर्षं दुसऱ्यांसाठी तलवारवाल्या मुली काढल्या. चित्रकला कुठे शिकले नाही. कॉमिक्स भाड्याने देणाऱ्या दुकानात गल्ल्यावर बसायचे आणि गिऱ्हाईक नसलं की कॉमिक्समधलं बघून काढायचे. पुढे त्याचेच पैसे मिळू लागले. त्या मुलींच्या कंबरा इतक्या बारीक असायच्या की खाल्लेला भात कुठे जात असेल याची मला काळजी वाटे. बर्फात लढायच्या, पोट उघडं. चिलखत होतं, पण बाण मारणाऱ्याची अजिबात गैरसोय होणार नाही अशा बेताने. मालसुनचे गुडघे मात्र मी माझ्याच गुडघ्यांकडे बघून काढले. तिचं पहिलं चित्र पूर्ण झालं तेव्हा मी तिला खुर्ची द्यायला उठणार होते.

आणि आता ती पुसली जाणार होती. गेम पुरा करायला पैसे लावणारी कंपनी राजधानीतली, सोलची. तिथल्या प्योसाहेबांनी एक चित्र पाठवलं होतं. लीना, वय वीस, मुठीएवढी कंबर, पोट उघडं, मांडीपर्यंत बूट. बाकी सगळं ठेवा, फक्त मालसुनच्या जागी ही घाला.

"ते म्हणतात, नायिका खेळणाऱ्याला आपलीशी वाटली पाहिजे," सोलबी म्हणाली.

"खेळणारे कोण?"

"वीस-पंचविशीतली मुलं, म्हणे."

"त्यांच्या कंबरा अशा असतात?"

ग्यूहोने खाली स्वतःच्या पोटाकडे बघितलं. "माझी तरी नाही."

"मी कसंबसं एवढं कबूल करून घेतलंय ताई, की ते गुरुवारी येतील, एकदा खेळून बघतील आणि मग काय ते सांगतील. त्यांना नाहीच आवडली तर..." तिने वाक्य तिथेच सोडलं आणि लीनाचं चित्र उलटं करून ठेवलं.

गुरुवारी दुपारी प्योसाहेब आले. पन्नाशीचे, टाय गळ्याशी आवळलेला. आमच्याकडे धड खुर्ची एकच आणि तिच्यावर ग्यूहोचे कपडे, म्हणून साहेब बूट काढून खाली उबदार जमिनीवर मांडी घालून बसले. खेळ सुरू झाला.

मासळीवर टपलेला पहिला सीगल पक्षी आला. साहेबांनी बटण दाबलं, मालसुनने बांगडा हाणला, सीगल गिरक्या घेत पडला. आणि मालसुनने गळा काढला. "आयगो, आयगो, आयगोऽऽ." सीगल नव्हे, थोरला दीरच गेला असावा.

साहेबांचा अंगठा थांबला. "ही रडतेय? मारलं तर हिनेच ना?"

मी ग्यूहोकडे बघितलं. ग्यूहो छताकडे बघत होता.

पुढे मालसुन धक्क्यावरून समुद्रात पडली आणि बुडता बुडता लाडाने म्हणाली, "आयगोऽ गं," जसं काही लाटेत कुणाचं बाळच दिसलंय. वर आली, तिला गोठलेला बांगडा सापडला, तर कोपराला दार लागल्यासारखी कळवळली.

"काय केलंस रे मेल्या?" मी कुजबुजले.

"लांबीप्रमाणे लावले, मावशी. छोट्या कामाला छोटा, मोठ्या कामाला मोठा. मयताचा सगळ्यात लांब होता आणि सीगलला पडायला वेळ लागतो."

सोलबी घाईने म्हणाली, "साहेब, ती मनाने फार हळवी आहे."

साहेब ओठ मिटून खेळत राहिले. मधेच त्यांनी विचारलं, "ही पर्स का फेकते?"

"जागा धरायला," मी म्हटलं.

साहेबांनी पर्स फेकली. मालसुन समोरच्या टपरीवर. परत फेकली, मालसुन परत इकडे. काही गरज नव्हती, तरी पुन्हा तिकडे. टपरीवाल्याचा कोबी सांडला. शेवटी ड्रॅगन आला तेव्हा पर्स थेट त्याच्या टाळूवर पडली, पाठोपाठ बाई, पाठोपाठ बांगडा. ड्रॅगन कोसळला आणि मालसुन मुळा स्वस्तात मिळाल्यासारखी समाधानाने म्हणाली, "आयगो."

साहेबांनी कंट्रोलर खाली ठेवला, टाय सारखा केला. मालसुन पडद्यावर एका पेटाऱ्यावर टेकून बसली. कुणी बटण दाबलं नाही की ती बसते आणि जरा वेळाने आपणहून उठते.

"तुमची मेहनत दिसते," साहेब म्हणाले. "पण मी स्पष्ट बोलतो. अशा बाईत स्वतःला बघायला कोण येणार? मला तर बुवा काही..."

बोलता बोलता त्यांनी जमिनीवर हात टेकला आणि उठायला लागले. गुडघा कडकन वाजला.

"आयगो," प्योसाहेब म्हणाले.

"आयगो," त्याच क्षणी पेटाऱ्यावरून उठत मालसुन म्हणाली.

तोच सूर. तोच हेल. शेवटी श्वास सोडायची तीच तऱ्हा. दोघांचे हातही एकदमच कमरेवर गेले.

खालून ईल भाजल्याचा चर्र आवाज येत होता.

"मावशी," ग्यूहो हळूच म्हणाला, "हा उठायचा ना? हा ओळखला बघा मी."

साहेब अर्धवट वाकलेले तसेच राहिले. एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा स्वतःच्या कमरेवरच्या हाताकडे. मग खाली बसले, या खेपेला दात घट्ट आवळून.

"ते सीगलचं पुन्हा दाखवा," ते म्हणाले.

सोलबीने दाखवलं. मालसुनने हाणलं, मालसुन रडली. साहेबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, झालं, माणूस चिडला. पण ते हसत होते, टायने डोळे पुसत. "आमची आई कोंबडी कापली की अशीच रडायची. आणि जेवायला बसलं की पहिला तुकडा तीच घ्यायची."

"घेणारच," मी म्हटलं. "रडून दमतं माणूस."

"तेवढं बदलू नका. सगळं आहे तसंच राहू द्या."

"छे छे," ग्यूहो म्हणाला, "मुद्दामच केलंय ते."

मी त्याच्या पोटरीला चिमटा काढला.

दारात बूट घालताना साहेबांना आठवलं. "मग लीनाचं काय करायचं? तिच्यावर आमचा खर्च झालाय."

त्यावर आम्ही बराच विचार केला. आता लीना खेळात आहे. पहिल्याच बाजारात, मांडीपर्यंतचे बूट घालून, मासळीच्या पाण्यात घसरत घसरत येते. गिऱ्हाईक म्हणून. मालसुन तिच्या उघड्या पोटाकडे बघते, स्वतःचं फुलाफुलांचं जाकीट काढून तिच्या अंगात चढवते, वरपर्यंत बटणं लावते आणि एक आयगो म्हणते.

तो माझ्याकडे नव्हता. त्यासाठी मी पुन्हा कपाटात शिरले.

"हा कुठला, मावशी?" ग्यूहोने बाहेरून विचारलं.

"पोरगी थंडीत अशी हिंडते, त्याचा."

"हा आई रोज म्हणते मला," तो म्हणाला, आणि कुणी न सांगता त्याने तो बरोबर जागी लावला.