पडायला जागा

सभेत आपला हात वर गेला, हे आप्पांना सगळ्यात शेवटी कळलं. केंद्रातल्या सात शाळांचे शिक्षक आणि आप्पांसारखे शाळा समितीचे अध्यक्ष चहा पीत बसले होते. केंद्रप्रमुखांनी विचारलं, "यंदा कबड्डी कोणाकडे घ्यायची?" सगळे कपात बघायला लागले, आणि आप्पांचा हात छताकडे गेला.

"वरचा कोंड," आप्पा म्हणाले. "आमच्याकडे या."

शेजारी बसलेल्या नम्रता बाईंना चहाचा ठसका लागला. बाई कोल्हापूरकडच्या, शाळेत येऊन तीन वर्षं झालेली. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "आप्पा, स्पर्धा घ्यायला मैदान लागतंय की हो. आपल्याकडं कुठंय?"

"होईल."

"तीन आठवड्यांत?"

"बाय, आता बोललोय मी. उरलेलं नंतर बघू."

वरचा कोंड म्हणजे खेडहून दहा किलोमीटर वर, सड्यावरची, डोंगरावरच्या पठारावरची वाडी. त्रेचाळीस घरं, त्यातली सोळा कुलूपबंद, माणसं मुंबईला. शाळा पहिली ते पाचवी, पोरं एकोणीस. आणि शाळेसमोर जे काही होतं तो उघडा कातळ होता, काळा, खरबरीत, भाकरीच्या करपलेल्या पाठीसारखा.

आप्पांनी हात वर केला त्याला कारण होतं. गेल्या वर्षी ते नात सानवीचा खेळ बघायला दुसऱ्या गावी गेले होते. वरच्या कोंडाची पोरं पळायला हरणं. पण समोरच्या पोरांनी पाय धरला की आपली पोरं जागच्या जागी उभी राहायची आणि मुकाट्याने बाद व्हायची. एकही पोर रेषेकडे झेप घेईना. पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळला. परतताना टेम्पोत आप्पा नातीवर चिडले.

"अगो, अंग टाकायचं होतंस की! रेषा हातभर लांब होती."

सानवी बाहेर बघत म्हणाली, "अंग कसं टाकतात ते ठाऊकच नाय. आपल्याकडे पडलं की गुडघ्याची साल जाते. बाई ओरडतात, पडू नका, पडू नका. आप्पा, आपल्याला पडायला जागाच नाय."

हे वाक्य आप्पांच्या कानात वर्षभर बसून राहिलं. सानवी आता पाचवीत होती. पुढच्या वर्षी ती खालच्या गावच्या मोठ्या शाळेत जाणार. तिला एकदा तरी नीट पडता यावं, एवढंच म्हाताऱ्याच्या मनात होतं.

आता पैशांचं बघायला हवं होतं. शाळेला खेळासाठी वर्षाला पाच हजार अनुदान येतं. खेडच्या जेसीबीवाल्याने कातळ बघितला, डोकं खाजवलं आणि डंपरने माती आणून, पसरून, रोलर फिरवून चाळीस हजार सांगितले. नम्रता बाई म्हणाल्या, "पाच हजारांत तो जेसीबी घाटाच्या पायथ्यापर्यंतच येईल."

आप्पांनी मुंबईला पुतण्याला फोन लावला. गुरुप्रसाद वाडीच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी.

"आप्पा, चाळीस हजार काही जड नाही," गुरुप्रसाद म्हणाला. "पण मंडळाचं म्हणणं पडेल की शाळेला कमान बांधू. त्यावर देणगीदारांची नावं. शिमग्याला आलो की उद्घाटन."

"कमानीखाली कबड्डी खेळायची काय रे?"

"तसं नाही. पण मैदान फोटोत दिसत नाही ना, आप्पा. नुसती माती दिसते."

"आणि शिमगा मार्चात. स्पर्धा जानेवारीत हाय."

"मग पुढच्या वर्षी घ्या की."

आप्पांनी फोन ठेवला तो जरा जोरातच.

राहिली गावकी, वाडीच्या घरांची पंचायत. वाडीचा रिवाज जुना. पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, नीट करायची, वहाळाला बंधारा घालायचा, देवळाची कौलं परतायची, तर घरटी एक बाप्या माणूस कामाला. ज्या घरचा बाप्या येणार नाही त्या घराने दंड म्हणून दोन नारळ देवळात ठेवायचे. रविवारी देवळात बैठक बसली. गावकीचा प्रमुख रावजी, वय पंचाहत्तर, आवाज वीस वर्षांचा.

"शाळा म्हणजे सरकारचं काम," रावजी म्हणाला. "गावकी देवाचं बघते."

"पोरं सरकारची हायत काय?" आप्पांनी विचारलं.

ठरलं. बुधवारपासून शाळेचं मैदान, माती आप्पांच्या पड जमिनीतली, घरटी एक बाप्या.

बुधवारी सकाळी बाप्ये जमले. मोजले तर नऊ. त्यात तिघे साठीच्या पुढचे, आणि एक आदल्या दिवशीच दाढ काढून आलेला. बाकी घरचे बाप्ये मुंबईला, नाहीतर जयगडला बंदरावर कामाला. तरी नऊ जणांनी दोन दिवस घाम गाळला. टेम्पोने तांबडी माती आणली, कातळावर ओतली, बादल्यांनी पाणी मारलं आणि फावड्याच्या पाठीने थोपटली. गुरुवारी संध्याकाळी सगळं इतकं छान दिसत होतं की आप्पांनी मोबाइलवर फोटो काढला.

शुक्रवारी ऊन लागलं आणि मैदान फुटलं. ही भेग इकडे, ती भेग तिकडे, आणि कडेच्या पापड्या वर उचललेल्या. पहिलीतला एक पोरगा धावत गेला आणि अर्धी पापडी पायाला घेऊन परत आला.

शाळेच्या दगडी गडग्याबाहेर चिमावैनी उभी होती. पदर तोंडाला लावून ती हसत होती. शाळेत पोरांची खिचडी शिजवते ती हीच. आप्पांच्या चुलतभावाची बायको, नवरा जाऊन बावीस वर्षं झाली.

"काय भावजी," ती म्हणाली, "माती चोपलीत, की तिची नुसती समजूत काढलीत?"

"हसतेस काय गो? नऊ माणसं दोन दिवस राबली."

"राबली ती दिसतायत. पण चिखल केलात. खळं कधी केलंय काय आयुष्यात?"

भात कापून झालं की दरवर्षी प्रत्येक अंगणात खळं होतं. माती पसरायची, पाणी शिंपडायचं, ते मुरू द्यायचं, मग लाकडी चोपण्याने एका तालात चोपायचं, मग शेणाने सारवायचं. भाताच्या झोडपणीला आप्पा तयार खळ्यावर उभे राहत आले होते. ते तयार कोण करतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"मग तू करशील काय, वैनी?"

"करीन. पण एका अटीवर."

"बोल."

"मला हजेरीत धरायचं. माझ्या घरची मी."

आप्पांना पटकन कळलं नाही. चिमावैनीने गडग्यावर हात टेकले आणि सावकाश सांगितलं. "हे गेल्यापासून दर वर्षी पाखाडीच्या कामाला मी येतेय. दगड उचलते, माती टाकते, तुम्हा सगळ्यांना चहा देते. आणि संध्याकाळी तुम्हीच दाराशी येऊन म्हणता, वैनी, तुझ्या घरचा बाप्या आला नाय, दोन नारळ ठेव. दर वर्षी दोन, भावजी. बावीस वर्षं."

आप्पांचे कान तापले. खरंच होतं. दारात जाऊन नारळ मागणारे तेच होते, आणि तिने आणून दिलेला चहाही त्याच दिवशी प्यायलेले. आजवर त्यांना त्यात काही वाकडं दिसलं नव्हतं. रिवाज म्हटला की माणूस तिथे डोळे उघडून बघतच नाही.

"मला सांगितलं नायस कधी?"

"विचारलंत कधी?"

आप्पा तसेच रावजीकडे गेले. रावजी अंगणात माचीवर पाय पसरून बसला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "बाप्यांच्या कामात बायका धरल्या तर उद्या पालखीला खांदा मागतील."

"उद्याचं उद्या. आजचं बोल. स्पर्धेला आठ दिवस उरले."

"रिवाज म्हणजे रिवाज."

"बरं," आप्पा म्हणाले. "मग तुझ्या घरचा बाप्या कोण आला होता बुधवारी? मुलगा मुंबईला. तू आंब्याखाली बसून हुकूम सोडत होतास."

"माझा गुडघा..."

"गुडघ्याला माफी रिवाजात नाय. दोन नारळ काढ."

रावजी दचकला. पैशाला तो किती घट्ट आहे ते सगळी वाडी जाणते. चहात साखर घालतानाही तो चमचा झटकून घेतो. तेवढ्यात त्याची बायको घरातून बाहेर आली. तिच्या हातात चोपणं होतं आणि पदर खोचलेला होता.

"मी चाललेय शाळेवर," ती म्हणाली. "चिमीने निरोप धाडलाय. मला हजेरीत धरणार, की नारळ फोडू घरातला?"

रावजीने बायकोकडे पाहिलं, चोपण्याकडे पाहिलं, आणि शेवटी वर माळ्याकडे, जिथे नारळ ठेवलेले होते तिकडे.

"धरा तिला," तो म्हणाला. "बाप्या न् बाई... एकच ते. काम झाल्याशी मतलब."

दुसऱ्या दिवशी उजाडताच सव्वीस बायका आल्या. प्रत्येकीचं आपापलं चोपणं, कुणाचं सासूने दिलेलं, कुणाचं माहेरहून आणलेलं. चिमावैनीने आधी बाप्यांचं सगळं काम उपटायला लावलं. मग मातीचे खडे पोरांकडून वेचून घेतले, माती पुन्हा पसरली, आणि पाणी मारायला आप्पांना झारी दिली.

"बदाबदा ओतू नका, भावजी! शिंपडायचं. ती काय म्हैस हाय आंघोळीला?"

पाणी मुरलं तसं सव्वीस चोपणी एका रांगेत बसली. धप, धप, धप. रांग एकेक पाऊल पुढे सरकायची, टोकाच्या बायका कडा चोपत यायच्या. नऊ बाप्ये माती आणायला आणि चहा करायला. चहा पहिल्या दिवशी इतका गोड झाला की तो बायकांनी हसत हसत ओतून दिला. नम्रता बाईंनीही चोपणं हातात घेतलं, पंधरा मिनिटांत तळहाताला फोड आणला, पण सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी शेणाने सारवलं. सावलीत बघितलं तर मैदान तांबूस, गुळगुळीत आणि नखाने दाबलं तरी न उमटणारं.

पाच हजारांतला एक रुपयाही मातीत गेला नाही. नम्रता बाईंनी खेडला जाऊन दोन चेंडू, उड्यांच्या दोऱ्या, शिट्टी, रिंगा आणि चुन्याची पिशवी आणली, आणि उरलेल्यात लंगडीसाठी रंगीत पट्ट्या.

आप्पांनी गुरुप्रसादला फोन लावला. "गावकीचं काम झालं. सोळा बंद घरांचा दंड बाकी हाय, घरटी दोन नारळ."

"आप्पा, मुंबईहून नारळ कसे पाठवू?"

"नारळ नको. त्या पैशात पोरांना जर्सी पाठव. आणि पाठीवर नाव देणगीदाराचं नाय, खेळणाऱ्याचं."

गुरुप्रसाद हसला, आणि शब्दाला जागला. पार्सल स्पर्धेच्या आदल्या दिवशी एस. टी.ने आलं. नावं अगदी बरोबर होती. मात्र मंडळ दर वर्षी आपल्या क्रिकेटच्या संघाला जर्सी शिवतं, तेव्हा दुकानदाराने मापंही नेहमीचीच टाकली होती. सानवीची जर्सी गुडघ्याच्या खाली आली.

"फ्रॉक हाय हा," ती म्हणाली.

"बरंच झालं," चिमावैनी म्हणाली. "गुडघे झाकले."

शनिवारी बाकीच्या सहा शाळांची पोरं आली. केंद्रप्रमुखांनी बूट काढून मैदानावर पाय ठेवला, वाकून वास घेतला आणि म्हणाले, "नियमात शेणाचं काही लिहिलेलं नाही. म्हणजे चालतं." रावजी नारळ घेऊन पुढे आला, फोडायला केंद्रप्रमुखांच्या हातात देणार, तेवढ्यात आप्पांनी तो मधेच घेतला आणि चिमावैनीपुढे धरला.

"हा तुझा. बावीस दुणे चव्वेचाळीस. त्रेचाळीस राहिले, ते हळूहळू देईन."

"हळूहळू नको, भावजी. मी काय शंभर वर्षं जगतेय?" असं म्हणत तिने नारळ असा आपटला की पाणी रावजीच्या सदऱ्यावर उडालं.

पहिला सामना वरच्या कोंडाचा, आणि समोर तीच शाळा, गेल्या वर्षीची. शेवटचं मिनिट, दोघांचे गुण सारखे. सानवी चढाईला गेली. लांब जर्सी फडफडत तिने एकाला हात लावला आणि वळली, तोच मागून दोघांनी तिचा घोटा धरला.

ती उभी राहणार, असंच आप्पांना वाटलं. गेल्या वर्षीसारखी, मुकाट.

सानवीने अंग टाकलं. सगळंच्या सगळं, हात पुढे, हनुवटी मातीला. सव्वीस बायकांनी चोपलेल्या जमिनीवर ती घसरत गेली आणि तिची दोन बोटं मधल्या रेषेपलीकडे टेकली. शिट्टी वाजली. क्षणभर आप्पांना कळेचना, शिट्टी कोणाच्या बाजूने. मग नम्रता बाई उड्या मारताना दिसल्या.

सानवी उठली. नाकाला तांबडी माती, कपाळाला शेणाचा पट्टा.

"आप्पा!" ती ओरडली. "पडले! बघितलंत? पडले!"

"बघितलं गो, बघितलं!" आप्पा म्हणाले, आणि डोळ्यांत माती गेली म्हणून पंच्याने चेहरा पुसत राहिले.

दुसऱ्या सामन्यात वरचा कोंड हरला, चांगला सात गुणांनी. कोणाला त्याचं फार वाटलं नाही. पाहुणे गेल्यावर पहिली-दुसरीची चिल्लीपिल्ली मैदानात शिरली आणि काही कारण नसताना धावत येऊन धपाधप पडायला लागली. उठायची, मागे जायची, पुन्हा पडायची.

चिमावैनी कमरेवर हात ठेवून बघत होती. "दोन दिवसांत उखडतील ही. बुधवारी परत सारवायला लागेल."

"मग सांगतो गावकीला," आप्पा म्हणाले. "घरटी एक."

"एक काय?"

"एक जण," आप्पा घाईने म्हणाले. "कोणीही."