मानेवरची गाठ

मानेवरची गाठ काढायला थोरली गेली ती हसतच. "संध्याकाळी येतेच, तोवर पार्लर सांभाळ," असं नणंदेला बजावून. दोघी मिळून पार्लर चालवायच्या. गिऱ्हाइकं त्यांना थोरली-धाकटीच म्हणायची. थोरली घरी आली ती महिन्याने, डावा गाल नि मान भाजलेली.

"थोडी गुंतागुंत झाली," एवढंच सर्जन म्हणाले.

"कागदावर सही केलीय आपण, आता काय बोलणार!" नवऱ्याने हात टेकले.

धाकटी मात्र तिला वकीलबाईंकडे घेऊन गेली. "सही ऑपरेशनला दिली होती, आगीला नाही," वकीलबाई म्हणाल्या. त्यांनी उपचारांची कागदपत्रं मागवून दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली, तेव्हा उलगडा झाला. त्वचेवरचं स्पिरिट वाळायच्या आत चादर पसरली, तिच्याखाली ऑक्सिजन साचला आणि रक्त थांबवायच्या विजेवरच्या उपकरणाची ठिणगी पडली.

"भरपाईसाठी ग्राहक न्यायालयात जाता येईल. सर्जनांची तक्रार वैद्यक परिषदेकडे करता येईल. नाहीतर तडजोड," वकीलबाईंनी सांगितलं.

तडजोडीचा निरोप रुग्णालयाकडून लगेच आलाही. भरपाई देऊ, गालाची शस्त्रक्रिया फुकट करू, पण याची वाच्यता कुठे करायची नाही.

"घेऊन टाक गं, सुटू एकदाचे," नवरा काकुळतीला आला.

थोरलीला ते पटतही होतं. रोजच्या ड्रेसिंगने जीव मेटाकुटीला आला होता. पण आणखी कुणाची तरी बहीण त्याच टेबलावर झोपणार, हे मनातून जाईना.

"गप्प बसायचं तेवढं जमणार नाही," तिने कळवलं.

ग्राहक न्यायालयातला दावा रेंगाळला. तारखांवर तारखा पडल्या. शेवटी सर्जन साक्षीला उभे राहिले. वकीलबाईंनी विचारलं, "स्पिरिट वाळेपर्यंत थांबलात?"

सर्जन म्हणाले, "नाही. घाई केली मी."

या क्षणाची थोरलीने किती वाट पाहिली होती! पण आनंद झाला नाही. फक्त आतून ताण सैल झाला.

निकाल तिच्या बाजूने लागला. बाहेर पायऱ्यांवर सर्जनांनी तिला गाठलं. "माफ करा ताई. आता स्पिरिट वाळल्याची खात्री केल्याशिवाय आमच्याकडे कुणी उपकरणाला हात लावत नाही."

"हे बरं केलंत," ती म्हणाली. माफ केलं म्हणायला जीभ वळेना. खोटं कशाला बोलायचं? तिने धाकटीचा हात धरला आणि सावकाश पायऱ्या उतरली.