पहिली कबुली

“ओनिडा, तुझा खटला मी शेजारच्या काउंटीतल्या जजकडे पाठवू शकतो. एके काळी मी तुझा वकील होतो. तो तुझा हक्कच आहे.”

“नको. शिक्षा तूच सांग, लाइल. परक्याच्या तोंडून कशाला ऐकू?”

भर कोर्टात जजला ‘लाइल’! सरकारी वकील ताडकन उठला, तर साहेबांनी हातानेच त्याला बसवलं. मी मान खाली घालून यंत्रावर बोटं चालवत राहिले. या कोर्टातला शब्द न् शब्द टिपायचा, हेच माझं काम. पण त्याआधी मी लाइल प्रुइट वकिलांची टायपिस्ट होते, त्यामुळे ही बाई मला चांगली ठाऊक होती.

एकोणीस वर्षांची असताना ती एका मित्राच्या गाडीत बसली. गाडी चोरीची निघाली. मित्र पळाला, ही सापडली. “मला खरंच काही माहीत नव्हतं हो,” म्हणून आमच्या ऑफिसात ढसाढसा रडली. लाइल तेव्हा निवडणुकीच्या तयारीत. खटला लढवायला सवड होती कुणाला? “गुन्हा कबूल करून टाक. तुरुंग नाही, काही नाही. संध्याकाळी घरी जेवायला जाशील,” तो म्हणाला. आमच्याकडे सगळेच असं करतात. कबुली मीच टाइप केली. ती खरोखरच संध्याकाळी घरी गेली.

लाइल केंटकीच्या विधानसभेत गेला. तिथे त्याने कायदा आणला: तिसऱ्या गुन्ह्याला वीस वर्षं, जजला त्यातला एक दिवसही कमी करता येणार नाही. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याच जोरावर पुढे तो जज म्हणून निवडून आला.

ओनिडाची पाठ वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उचलून उचलून कामातून गेली. गोळ्यांची सवय लागली. चिठ्ठीवर डॉक्टरची खोटी सही केली, पकडली गेली. पुन्हा केली, पुन्हा पकडली गेली. हे दोन गुन्हे, आणि तिसरी ती जुनी कबुली. चौपन्न वर्षांची बाई!

“वीस वर्षं,” साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “व्हर्ना, हेही लिही. हा कायदा मी केला. तो चुकला.”

“ते लिहून माझं काय होणार?” ओनिडाने विचारलं.

मी तेही लिहिलं. मला असा संताप आला होता! त्यांचा आला, आणि माझ्या या मेल्या बोटांचाही.

पुढच्या निवडणुकीला साहेब उभेच राहिले नाहीत. तेव्हापासून दर शनिवारी ते बायकांच्या तुरुंगावर जातात. दोन तासांचा रस्ता आहे. कैद्याने आपल्या यादीत नाव दिल्याशिवाय भेट मिळत नाही. ओनिडाने त्यांचं नाव दिलेलं नाही. चार वर्षं झाली.

आता त्यांना नीट दिसत नाही, म्हणून परवा गाडी मी चालवली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने कागद खालपर्यंत वाचला. “नाव नाही, जजसाहेब. आजही नाही.”

“बरं,” म्हणून साहेब परत गाडीत येऊन बसले.

“निघायचं ना?” मी किल्ली फिरवली.

“थांब ना जरा. भेटीची वेळ तीनपर्यंत असते.”

जेमतेम एक वाजला होता. मी गाडी बंद केली.