सोमवारपर्यंत

“विठे, साडी बदल. निघायचंय आपल्याला, आत्ताच्या आत्ता!”

हे मोरीतून बाहेर आले ते एका गालाला साबण आणि हातात मोबाईल घेऊन. मला वाटलं, गावाकडं कोणी गेलं. मी मशीनवरून उठले, तर शेजारच्या भावनाच्या साडीचा फॉल अर्धवटच राहिला.

“कोण गेलं?”

“मीच चाललोय. रिपोर्ट आला. पीएसए पॉइंट नऊ.”

“मागच्या वेळेला?”

“पॉइंट एक! नऊ पट झाला, नऊ पट! आजच्या आज इंजेक्शन टोचून घेतो. तू ये नायतर नको येऊ.”

“आधी दुसरा गाल करा,” मी म्हटलं. “असं अर्धं तोंड घेऊन रिक्षावाला पण घेणार नाही.”

माझं तोंड असं चालतं, पण साडी नेसताना पदर दोनदा उलटा घेतला.

आमचे हे, हिरामण, विठ्ठलवाडी डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. रिटायर झाले त्याच साली प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. दुष्काळात तेरावा महिना! कात्रपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही ‘लघवीचा त्रास’ एवढंच सांगितलं. मुंबईला जाऊन लाईट, म्हणजे रेडिएशन घेतलं, मग दोन वर्षं दर तीन महिन्यांनी पोटात इंजेक्शन. हा आजार पुरुषाच्या हार्मोनवर पोसतो म्हणे, म्हणून ते हार्मोनच बंद करायचं. आजार उपाशी राहिला. पण त्याच्याबरोबर माणूसही उपाशी राहिला, ते कोण सांगणार?

भर थंडीत घाम फुटायचा. दाढी आठवड्यातून एकदा केली तरी भागायचं. टीव्हीवरच्या मालिकेत पोरगी सासरी निघाली की यांच्या डोळ्यांना धार. मी चिडवायचे, “माझी पाळी गेली तेव्हा मी पंख्याखाली बसले की ओरडत होतात ना? आता कळलं?” हे हसायचे. आणि बाकीचं जे बंद झालं, त्याबद्दल आम्ही दोघांनी एकदाही तोंड उघडलं नाही.

गेल्या वर्षी इंजेक्शन थांबलं, फक्त रक्तातला पीएसए, ज्याच्यावरून हा आजार कळतो तो आकडा, तपासत राहायचं. हळूहळू घाम गेला. दाढी रोज लागायला लागली. रिक्षावाल्याशी भांडण झालं तेव्हा तर मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले, म्हटलं आला बाबा माझा ड्रायव्हर परत. मध्यंतरी एकदा मी मशीनवर बसले होते आणि हे दारातून माझ्याकडं बघत उभे. “काय बघता?” “काय नाय,” म्हणाले आणि कानाच्या पाळ्या लाल. म्हाताऱ्याला चळ लागला, असं मी म्हटलं खरं, पण त्या दिवशी मी पातळ बदललं आणि केस नीट विंचरले.

आणि आता हा पॉइंट नऊ.

डॉक्टर शलाका अंबरनाथला बसतात. आमच्या हर्षदाच्या, म्हणजे सुनेच्या वयाच्या असतील. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि शांतपणे बाजूला ठेवला. यांच्या पायाला चैन नव्हती, टेबलाखाली नुसता ब्रेक मारत होते.

“काका, इंजेक्शन नाही देणार मी आज.”

“का नाय देणार? वाढलाय ना?”

“वाढलाय. पण लाईट दिल्यावर ती ग्रंथी आतच राहते, काढून टाकत नाही. तिच्यातल्या थोड्या चांगल्या पेशी उरतात. इंजेक्शनमुळं त्या झोपल्या होत्या. आता तुमचं हार्मोन परत आलंय, त्या जाग्या झाल्या. थोडा आकडा त्यांचाही असतो.”

“मॅडम, गाडीचं इंजिन वाजायला लागलं तर आम्ही डायरेक्ट डेपोत लावायचो. आवाज ऐकत बसत नव्हतो.”

“पण इंजिनच वाजतंय, का टपावरचा पत्रा, ते तर बघायचात ना?”

टेबलाखालचा ब्रेक थांबला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी यांना गाडीवरून गप्प केलं.

डॉक्टरांनी समजावलं. एका आकड्यावर काही ठरत नाही, चाल बघायची. सगळ्यात खाली उतरलेला आकडा होता पॉइंट एक. त्याच्यावर पूर्ण दोन चढले, म्हणजे दोन पॉइंट एक झाला, तर आजार परतला असं धरायचं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, आणि तेही त्याच लॅबमध्ये.

मी इतका वेळ पदर धरून बसले होते. मला राहवेना. “डॉक्टर, एकच सांगा. हा आजार परत येतोय, का आमचा माणूस परत येतोय?”

त्या हसल्या नाहीत. “मावशी, दोघांचा आकडा एकाच रिपोर्टमध्ये येतो. आज नाही सांगता येत.”

ते तीन महिने मी कसे काढले माझं मला ठाऊक! यांच्या पायाला भिंगरी. सकाळी कात्रपपासून स्टेशनपर्यंत चालत, तिथून परत. दुपारी डेपोत जाऊन जुन्या लोकांत बसायचे, चहा अर्धा टाकून उठायचे. एकदा उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये कुठल्या तरी लॅबमध्ये गुपचूप रक्त देऊन आले. संध्याकाळी नाचत घरात. “उतरला! पॉइंट आठ!” दोन दिवसांनी तिसऱ्याच लॅबमध्ये एक पॉइंट एक. मग जेवले नाहीत.

“डॉक्टरांनी बजावलं होतं, एकच लॅब!” मी भांडीच आपटली. “प्रत्येकाची मशीन वेगळी. रक्त आहे का नळाचं पाणी, दिसेल तिथं सोडायला?”

“तुला काय जातंय बोलायला?”

“मला काय जातंय?” एवढंच म्हटलं आणि मला रडू फुटलं.

कारण एक गोष्ट मला दिसत होती. हे माझ्यापासून लांब राहायला लागले होते. दारातून बघणं बंद. ताट घेताना बोटाला बोट लागलं तरी हात मागं. अंगात पुरुषपण आलं म्हणून आकडा चढला, असं काहीतरी डोक्यात घेतलं होतं. स्वतःच्याच अंगाला भ्यायले होते. जे दोन वर्षांनी परत मिळालं, ते असं भीतीतच चाललं होतं. मला त्या आकड्याचा राग आला, सवतीचा यावा तसा.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला, दोन पॉइंट चार. डॉक्टरांनी पुन्हा तपासायला लावलं, तर दोन पॉइंट सात. मग स्कॅन. कमरेच्या हाडात एक बारीक ठिपका.

गुरुवारी सकाळी आम्ही अंबरनाथला गेलो. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. आजार परतलाय, पण लवकर सापडलाय. इंजेक्शन पुन्हा सुरू, जोडीला गोळी. “यावर माणसं वर्षानुवर्षं चालतात, काका. आजच पहिलं देऊन टाकू.”

यांनी मान हलवली. टेबलावर आडवे झाले, शर्ट वर केला. सिस्टर ट्रे घेऊन आली. तिनं पोटावर कापूस फिरवला आणि हे एकदम उठून बसले.

“मॅडम, सोमवारी घेतलं तर चालेल काय?”

डॉक्टर चकित झाल्या. “तुम्हाला तर मागं त्याच दिवशी हवं होतं. आज का नको?”

हे जमिनीकडं बघत शर्टाची बटणं लावायला लागले. वरचं बटण खालच्या काजात गेलं. “घरी जरा काम आहे.”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या पोस्टरकडं बघायला लागले. कसलं पोस्टर होतं विचाराल तर सांगता यायचं नाही. माझं तोंड तापलं होतं.

“चालेल,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. “चार दिवसांनी काही बिघडत नाही. पण सोमवारी नक्की.”

“नक्की,” हे म्हणाले. “शब्द देतो.”

आम्ही परत निघालो. रिक्षा कात्रपला वळली आणि महेशचा फोन आला.

“आई, झालं का इंजेक्शन? संध्याकाळी आम्ही येतो. हर्षदा डबा करतेय.”

“येऊ नका. सोमवारनंतर या.”

“का गं? बाबांना फोन दे जरा.”

“तुझे बाबा गावाला गेलेत.”

“आज? कुणाबरोबर?”

“माझ्याबरोबर,” मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला. शेजारी हे तोंडावर रुमाल धरून हसत होते. किती दिवसांनी हसले असतील!

घरी आलो. उन्हं खिडकीतून आत आली होती. मी पडदा ओढला. हे येरझारा घालायचे थांबले आणि पलंगाच्या कडेला बसले, नव्या नवऱ्यासारखे, हात गुडघ्यांवर ठेवून. भर दुपारी मी दाराला आतून कडी लावली.

तेवढ्यात भावनानं दार वाजवलं. “काकी, कालची साडी झाली का? आहात का घरात?”

आम्ही दोघांनी ओ दिली नाही.