बाईसाहेबांच्या जागी यजमान

पहिल्या वर्गाच्या डब्यात चढणारी सगळीच माणसं उद्धट असतात, असं मार्तंडराव टेंबे कधीच म्हणत नसत. दहातली सात-आठ असतात, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि त्यांना कळणार नाही तर कुणाला? मेल गाडीच्या पहिल्या वर्गाचे ते कंडक्टर. इटारसीला काळा कोट चढवून डब्यात शिरायचे आणि झाशी येईपर्यंत तोंडात फक्त 'जी साहेब'. कुणी विचारी, ऊन माझ्याच खिडकीतून का येतं. कुणी म्हणे, वरच्या बर्थवरचा माणूस घोरतो, त्याला पुढच्या स्टेशनवर उतरवा. एका संस्थानिकाच्या पुतण्यानं तर त्यांना वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लावल्या होत्या. संस्थान विलीन होऊन बारा-पंधरा वर्षं झाली होती, पण ही बातमी त्या पुतण्याच्या पायांपर्यंत पोचलेली नव्हती.

हे सगळं मार्तंडराव गाडीत मुकाट्यानं गिळत आणि झाशीच्या रेल्वे कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरच्या ओट्यावर व्याजासकट बाहेर काढत. नक्कल करावी तर त्यांनीच. भुवया चढवल्या की ठेकेदार, मान तिरकी केली की डॉक्टर, हनुवटी वर गेली की तो पुतण्या. शेजारीपाजारी खुर्च्या घेऊन यायचे, हसून हसून त्यांची पोटं दुखायची. मार्तंडरावांची बायको सिंधू मात्र या नकला निम्म्याच बघायची, कारण मधेच पाणी, मधेच सुपारी, मधेच पंखा असं तिचं सारखं आत-बाहेर चाललेलं असे.

त्या वर्षी श्रावणात मात्र त्यांना असा नमुना भेटला, की आधीचे सगळे फिके पडले. एक बाई. रेशमी साडी, काळा चष्मा आणि काखेत केसाळ कुत्रा. कुत्र्याला डब्यात ठेवायचं तर बरोबरच्या उतारूंची हरकत नसावी लागते, नाहीतर त्यानं गार्डाच्या डब्यातल्या कुत्र्यांच्या पेटीत बसायचं, असा नियम. त्याच डब्यात मऊरानीपूरचे एक म्हातारे धान्यवाले होते. कुत्र्यानं त्यांच्या धोतराचा सोगा दोनदा चघळला, तेव्हा त्यांनी भीत भीत हरकत घेतली. मार्तंडरावांनी बाईंचं नाव आरक्षणाच्या तक्त्यावर पाहिलं होतं, म्हणून अदबीनं मराठीत म्हटलं, "बाईसाहेब, कुत्र्याला पेटीत ठेवावं लागेल."

बाईंनी चष्मासुद्धा काढला नाही. मराठीला उत्तर हिंदीत दिलं. "कुत्ता यहीं रहेगा. पेटी खाली है न? तो इनको बिठा दो उसमें."

म्हातारे आपली पिशवी उचलून बाहेर गेले आणि ललितपूरपासून झाशीपर्यंत कॉरिडॉरमध्ये उभे राहिले. पहिल्या वर्गाचं तिकीट काढलेला माणूस! मार्तंडरावांनी त्यांना आपली घडीची खुर्ची दिली, पण त्यांच्या तोंडाकडे बघायचा काही धीर झाला नाही. नोकरीतल्या एवढ्या वर्षांच्या अपमानांत त्यांना राग आला होता, पण लाज त्या दिवशी पहिल्यांदाच वाटली.

या बाईची नक्कल त्यांनी जीव ओतून बसवली. गळ्यात ओढणी, डोळ्यांवर सिंधूचा उन्हाळी चष्मा, काखेत उशीचा कुत्रा. 'इनको बिठा दो उसमें' म्हणताना ते जी मान उडवत, त्यावर अख्खी कॉलनी लोळत असे. ही कीर्ती शहरात आबासाहेबांच्या कानी गेली. आबासाहेब म्हणजे मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्यांचे पूर्वज सुभेदारांबरोबर झाशीला आले ते इथलेच झाले. अंगरखा गेला, पगडी गेली, तरी घरात मराठी टिकली, पण तिच्यात निम्मी हिंदी मुरली होती. "मार्तंडराव जी," ते म्हणाले, "गणेशोत्सवात रविवारी दुपारी आपलाच प्रोग्राम. और हां, ती कुत्तेवाली बाई झालीच पाहिजे. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

रविवारी हॉल खच्चून भरला. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला जाजमावर बायका. पुढच्या रांगेत प्रमुख पाहुण्यांसाठी गादीची खुर्ची. झाशीला नव्यानं आलेल्या रेल्वेच्या मोठ्या साहेबांच्या पत्नी येणार होत्या, कारण साहेब मराठी आणि त्यातून मंडळाला रेल्वेकडून तंबू हवे होते. मार्तंडरावांनी पडदा बोटभर सरकवून पाहिलं आणि त्यांच्या हातातली उशी खाली पडली.

खुर्चीवर तीच बसली होती. फक्त कुत्रा नव्हता.

सिंधू पाण्याचा पेला घेऊन आत आली, तर नवरा भिंतीला टेकलेला. "अहो, काय झालं? पित्त झालं का?"

"अगं, ती आहे. तीच!"

"कोण ती?"

"कुत्र्याची!" मार्तंडरावांनी पेला हातात घेतला आणि न पिताच परत दिला. "मोठ्या साहेबांची बायको निघाली. नाव वाचलं होतं मी, प्रेमलाबाई अमुक तमुक. मला काय माहीत साहेब कोण येणार ते! आता नक्कल केली तर उद्या साहेबांची एक सही, की मेल सुटली. मऊरानीपूरच्या पॅसेंजरवर तिकिटं तपासत बसेन. क्वार्टर जाईल, मुलांच्या शाळेचं काय?"

सिंधू झाशीचीच, जुन्या घरातली. ती सहसा गांगरत नसे. तिनं फटीतून पाहुणीला नीट न्याहाळलं. "मग नका करू ना जी. बायकांना हात लावू नका. पुरुष करा. त्यांचा काय तोटा आहे?"

सल्ला सोपा होता. मार्तंडरावांनी ओढणी, चष्मा आणि उशी कोपऱ्यात ढकलून दिली आणि ते नुसत्या सदऱ्यावर रंगमंचावर गेले. प्रेमलाबाईंनी त्यांच्याकडे थेट पाहिलं, पण चेहऱ्यावर ओळखीची रेघसुद्धा उमटली नाही. गाडीत त्यांनी काळ्या कोटाची बटणं पाहिली होती, त्यांच्यामागचा माणूस पाहिलाच नव्हता. एवढ्या बाबतीत तरी त्यांचा तो स्वभाव मार्तंडरावांच्या पथ्यावर पडला. त्यांनी ऊन नको असलेला वकील केला, घोरण्याची तक्रार करणारा ठेकेदार केला, बुटाच्या नाड्या केल्या. हॉल हसला, पाहुण्या अदबशीर हसल्या. आता नमस्कार करायचा आणि सुटायचं, असं ठरवून त्यांनी हात जोडले.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून आबासाहेब उठले. "अरे वा, ऐसे कैसे! मार्तंडराव जी, असली चीज तर राहिलीच. ती बाईवाली नक्कल होऊन जाऊ द्या!" मग पाहुणीकडे वळून म्हणाले, "बाईसाहेब, पहिल्या वर्गातल्या एका घमेंडी बाईची आहे. आपण हसून हसून बेजार व्हाल."

"हो का?" प्रेमलाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "करा ना मग!"

मागून कॉलनीची पोरं ओरडायला लागली, "बाई! बाई!" नाही म्हणावं तर पाहुणीचा अपमान, हो म्हणावं तर नोकरी. सिंधू जाजमावर बायकांत जाऊन बसली होती. तिच्याकडे मार्तंडरावांनी पाहिलं, तर तिनं डोळ्यांनीच खूण केली: पुरुष, पुरुष.

"मंडळी," मार्तंडराव पुढे येऊन म्हणाले, "त्या बाई आज प्रवासाला नाहीत. माहेरी गेल्यात. पण त्यांच्या जागेवर त्यांचे यजमान निघालेत. आज यजमान बघा."

बोलून बसले खरे, पण यजमान कसे असतात याचा त्यांच्या डोक्यात पत्ता नव्हता. असा उतारू त्यांनी कधी बसवलाच नव्हता. त्यांनी एक खुर्ची ओढली, पाय लांब केले, डोकं मागं टाकलं. आणि काय आश्चर्य, पाय लांब झाल्याबरोबर शब्द आपोआप यायला लागले.

"चहा!" यजमान छताकडे बघत ओरडले. मग कपाचा एक घोट घेतल्यासारखा करून तोंड वाकडं केलं. "हा चहा आहे की अंघोळीचं पाणी? मघाशी कढत दिला होता? मग मघाशीच का नाही सांगितलं प्यायला?"

बायकांच्या बाजूला कुणीतरी फुसकन हसलं.

"माझा पेपर कुणी उलगडला? घडी बघा, घडी! माझ्याआधी जगाच्या बातम्या वाचायची घाई कुणाला झाली होती?" यजमानांनी चाचपडल्यासारखं केलं. "चष्मा! इथंच ठेवला होता. माझ्या वस्तूंना पाय फुटतात इथं. अहो, कपाळावर असला म्हणून काय झालं, सांगायला नको कुणी?"

आता सगळं जाजम हलायला लागलं. बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या. मार्तंडरावांना जोर चढला. एवढं सोपं त्यांना आजवर कधी गेलं नव्हतं. आठवावं लागत नव्हतं, जुळवावं लागत नव्हतं, जिभेवरच होतं सगळं. तोंड धुतल्यासारखं करून त्यांनी डोळे घट्ट मिटले, ओला हात हवेत लांब केला आणि गर्जना केली, "टॉवेल!"

"दोरीवर आहे, उजव्या हाताला!"

हे उत्तर रंगमंचावरून आलं नव्हतं. बायकांच्या जाजमावरून आलं होतं, आणि देणारी सिंधू होती. ती विनोद करायला गेली नव्हती. आवाज कानावर पडला आणि तोंडातून उत्तर निघालं, रोज निघतं तसं. ती अर्धवट उठलीसुद्धा होती, टॉवेल द्यायला.

जो हशा उठला, त्यानं गणपतीपुढची समई विझते की काय असं वाटलं. कॉलनीतल्या बायका डोळे पुसत होत्या. शेजारची बकुळा ओरडली, "अगं बाई, हे तर आमच्याकडंपण आहेत!" "आमचेही अगदी हेच!" दुसरी म्हणाली. आबासाहेब खो खो हसत होते, तेवढ्यात मागून त्यांच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "आप मत हंसिये जी. तुमचा टॉवेल तर मी हातात घेऊनच उभी असते." आबासाहेबांचं हसू तिथंच थांबलं. सिंधूनं पदरात तोंड लपवलं होतं, आणि ती हसत होती की काय ते कळत नव्हतं.

मार्तंडराव हात हवेतच ठेवून उभे राहिले. हा उतारू आपल्याला कुठल्या गाडीत भेटला होता, ते त्यांनी मनात धुंडाळलं. मेलमध्ये नाही, पॅसेंजरमध्ये नाही. कुठंच नाही. मग त्यांचे कान तापले. रंगमंचावर टाळ्या घेताना त्यांना इतकी लाज वाटली, की हात जोडायचं भान राहिलं नाही.

पडदा पडल्यावर सिंधू आणि आबासाहेबांपाठोपाठ प्रेमलाबाई स्वतः आत आल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतलं काजळ पसरलं होतं. "मिस्टर टेंबे, कमाल केलीत! अगदी आमचे साहेब. तो चष्मा, तो चहा! मी घरी जाऊन त्यांना सांगणार आहे. पण ती बाईची नक्कल का हो नाही केलीत?"

मार्तंडरावांनी श्वास घेतला. "बाईसाहेब, बायका कुठं इतक्या उद्धट असतात?"

"ते मात्र खरं," प्रेमलाबाईंनी सुस्कारा टाकला. "आम्ही बायका फार सोसतो. बरं, हा माणूस तुम्हाला भेटला तरी कुठल्या गाडीवर?"

मार्तंडराव कोपऱ्यातल्या उशीकडे बघत राहिले. उत्तर सिंधूनं दिलं, अगदी गोड आवाजात.

"गाडीवर नाही, बाईसाहेब. आमच्या घरीच उतरतो रोज. आणि जायचं नाव घेत नाही."

प्रेमलाबाई पुन्हा हसत सुटल्या. मंडळाला तंबू मिळतील असं त्यांनी तिथल्या तिथं आबासाहेबांना सांगून टाकलं आणि त्या गेल्या. मेल वाचली, क्वार्टर वाचलं. एरवी मार्तंडरावांनी एवढ्यावर पेढे वाटले असते.

परतीच्या टांग्यात मुलं पुढे टांगेवाल्याशेजारी बसली, दोघं नवरा-बायको मागं. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता. इलाइट चौराह्यावर एका ट्रकसाठी टांगा थांबला. टांगा पुन्हा चालू लागला तेव्हा मार्तंडरावांनी घसा साफ केला.

"सिंधू."

"काय जी?"

"खरं सांग हं. मी घरी खरंच असा असतो?"

सिंधूनं त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा इतका पडलेला होता, की तिला खरंच दया आली. तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"छे हो," ती म्हणाली. "घरी तुमचा आवाज याहून पुष्कळ मोठा असतो."