हात लागलेली जागा

"तुम्ही चोर आहात, साहेब. साधेसुधे चोरही नाही. साधा चोर स्वतःच्या हाताने कुलूप फोडतो. तुम्ही माझा हात वापरलात."

अँब्रोज हे उभ्याने बोलला, कंपनीतल्या सगळ्यात थंड खोलीत. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर एक गंजका व्हॉल्व्ह मांडला होता, चाकासकट, शवपेटीत मयत ठेवावं तसा. पलीकडे साहेब. बाजूच्या खुर्चीत हेड ऑफिसचा म्हातारा हाजी, अस्सल बहरीनी, पण तरुणपणी मोत्यांच्या धंद्यापायी मुंबईत राहिलेला, त्यामुळे हिंदी फाडफाड आणि मराठीही बरीचशी कळणारी. दाराशी खालमानेने उभा फिलिप, कंपनीचा स्टोअरकीपर. त्या दुपारी त्याचा व्हिसा खलास व्हायचा होता.

आता हा व्हॉल्व्ह त्या टेबलावर कसा आला ते ऐका.

अँब्रोज कंपनीत ड्राफ्ट्समन. मूळचा वसईचा, पण वाढला भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, कारण बाप वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर. बाप गेला, त्याची इंजिनंही एकेक करत भंगारात चालली, आणि अँब्रोज आला बहरीनला, जिथे रूळ औषधालाही सापडत नाही. मग त्याने हूरा वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांत इंजिनं आणली. वीतभर लांबीची. दुकानातलं मॉडेल नवरदेवासारखं चकचकीत यायचं, अँब्रोज त्याला म्हातारं करायचा. आधी तपकिरी रंग द्यायचा. तो वाळला की पाणी शिंपडून जाड्या मिठाचे खडे चिकटवायचे, वरून काळा रंग मारायचा आणि मग मीठ झाडायचं. जिथे मीठ होतं तिथे गंजाचे चट्टे उघडे पडत. शेवटी खरा गंज, हिद्दच्या किनाऱ्यावर टाकून दिलेल्या नांगरांवरून खरवडून आणलेला. तो कुटून, टर्पेंटाइनमध्ये कालवून बॉयलरच्या सांध्यांत सोडायचा.

"माझ्या खलबत्त्यात?" त्याची बायको मॅगी किंचाळायची. "मसाला कुटते मी त्यात! उद्या मटणाला गंज चढला तर एकटेच खा."

"लोह असतं त्यात. डॉक्टर पैसे घेऊन देतात."

माणूस गर्विष्ठ. आपल्या गंजाला नाव ठेवणारा अजून जन्माला यायचाय, असं तो स्वतःच सांगत फिरायचा. पण एक नेम तो कधी मोडत नसे. सगळं इंजिन कुजवायचं, पण इंजिनावर चढताना ड्रायव्हर जी दांडी धरतो, ती मुठीच्या जागी लख्ख ठेवायची. त्याच्या बापाची दांडी तशीच होती, आरशासारखी. "जिथे माणसाचा हात रोज लागतो, तिथे बसायची गंजाची टाप नाही," तो म्हणायचा.

ही कीर्ती साहेबांच्या कानावर गेली.

साहेब पुण्याचे. त्यांचं नाव घ्यायची आता अँब्रोजच्या जिभेला किळस येते, म्हणून साहेबच. त्यांनी लंडनहून एक इंजिन मागवलं आणि दर शुक्रवारी ते शिकायला हूऱ्यात येऊ लागले. ऑफिसात "ए ड्राफ्ट्समन" म्हणणारा माणूस घरी "अहो अँब्रोज" म्हणायला लागला. मॅगीची सुरमई बोटं चाटून खाऊ लागला. बोटं कशी, तर लोण्यासारखी, नखं कापून घासून गुलाबी केलेली. शिकवून त्यांना काही यायचं नाही. साहेबांचा गंज म्हणजे गोवर आल्यासारखा, डोक्यापासून चाकापर्यंत एकसारखे ठिपके.

"अहो साहेब, पाणी कुठे साचेल त्याचा विचार करा," अँब्रोज कपाळ बडवायचा.

"विचार करायला मी तुम्हाला ठेवलंय ना," साहेब हसायचे. सगळे हसायचे. अँब्रोजही हसायचा, हे लक्षात ठेवा.

एका शुक्रवारी साहेबांनी गाडीच्या डिकीतून हा व्हॉल्व्ह काढून जिन्यावरून वर आणवला. "भंगारातला आहे. ह्याच्यावर जमेल का? की तुमची कला खेळण्यांपुरतीच?"

वर्मी लागलं. आटे उघडून पाहतो तर आत कारखान्यातलं ग्रीस पिवळंधमक. भंगारात असं ग्रीस नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. अँब्रोजने ते पाहिलं. पाहिलं आणि फडक्याने पुसून टाकलं, कारण ग्रीसवर रंग धरत नाही. मग असा गंज चढवला की मॅगीने त्यावर वर्तमानपत्र झाकलं. म्हणाली, बघून दात शिवशिवतात.

व्हॉल्व्ह घेऊन साहेब गेले, ते परत आलेच नाहीत. अँब्रोजला वाटलं, कामात असतील. गर्विष्ठ माणूस मूर्खही असतो, फक्त त्याला सगळ्यात शेवटी कळतं.

मग परवा संध्याकाळी, पानं वाढलेली असताना, वरच्या मजल्यावरचा फिलिप खाली आला. तोही वसईचाच. चेहरा राखेसारखा.

"मला पाठवतायत, अँब्रोज."

"कुठे?"

"घरी. कायमचं. नवे व्हॉल्व्ह माझ्या स्टोअरमध्ये सडले म्हणे. सगळा माल भंगारवाल्याला द्यायचं ठरलं. मी पेट्या उघड्या टाकल्या, खारी हवा लागली, असं साहेबांनी हेड ऑफिसला कळवलंय." तो खुर्चीवर कोसळला. "अरे, पेट्या मी फोडल्यासुद्धा नव्हत्या! एक चावी माझ्या कमरेला, दुसरी साहेबांकडे. पोरींची शाळा अर्ध्यावर आहे. बायकोला, टेरेसाला, अजून सांगितलंही नाही मी."

"बघितलास का तू गंज?" अँब्रोजने घास घेत विचारलं.

"साहेबांनी नमुना म्हणून एक दाखवला, तो हात लावून बघितला. पुरता कुजलाय. पण एक गंमत सांगू? सगळा कुजला, आणि चाकावर मुठीएवढी जागा लख्ख. जसं काय कोणी रोज येऊन फिरवत होतं."

अँब्रोजच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. माशाला लोखंडाची चव आली. तो मोरीकडे धावला आणि पोटातलं सगळं बाहेर पडलं. तोंड धुऊन वळला तर फळीवर त्याची इंजिनं ओळीने उभी, आणि प्रत्येकाची ती लख्ख दांडी दात विचकल्यासारखी त्याच्याकडे बघत होती. सवय! हाताला नुसती सवय. व्हॉल्व्ह असो की इंजिन, त्याने आपल्या बापाची मूठ तिथे ठेवून दिली होती, आणि साहेबांच्या डोळ्यांना ती दिसलीसुद्धा नव्हती.

त्याने फिलिपला सगळं सांगितलं. ग्रीससकट.

फिलिपने शिवी द्यायला हवी होती. कानफटात मारायला हवी होती. तो म्हणाला, "तू केलास तो? हुबेहूब रे! मी इतकी वर्षं लोखंडात काढली, मलाही कळलं नाही."

कौतुक! जन्मभर ज्या शब्दासाठी तो हपापला होता, तो आज ओकारीच्या वासात मिळाला.

"म्हणजे भंगार म्हणून न्यायचं, रंग पुसायचा आणि नवा माल म्हणून विकायचं," मॅगी सावकाश म्हणाली. "आणि बळी फिलिपचा." मग नवऱ्याकडे बघून, "बोललात तर आपणही घरी जाऊ. मला ठाऊक आहे. पण नाही बोललात, तर तो हात पुन्हा मला लावायचा नाही."

तर असा अँब्रोज त्या थंड खोलीत उभा होता. पँटच्या खिशात टर्पेंटाइनची बाटली आणि मॅगीच्या जुन्या परकराचा तुकडा.

साहेबांचं "अहो" केव्हाच विरघळलं होतं. "अँब्रोज, तुझी तब्येत बरी दिसत नाही. बाहेर जा. ह्यात तुझा संबंध काय?"

अँब्रोजने बाटली उघडली. वास खोलीभर पसरला. त्याने व्हॉल्व्हच्या पोटावर फडकं दाबून फिरवलं. गंज मलमासारखा उतरला आणि खालून कोराकरकरीत हिरवा रंग निघाला, त्यावर कारखान्याचा शिक्का.

हाजी खुर्चीतून पुढे वाकला. "या अल्ला. ये तो नया है."

साहेब शिक्क्याकडे वाकले. मग हसले. त्या हसण्याइतकं घाणेरडं काही अँब्रोजने भुसावळच्या गटारातही पाहिलं नव्हतं.

"देखा, हाजी? रंग इसका, हाथ इसका. खुद कबूल करता है. दोनों एक ही गाँव के. स्टोअरकीपरने माल निकाला, इसने रंग दिया. दोनों को भेज दो, खलास."

दाराशी फिलिपने मान वर केली. त्याने कमरेची चावी काढून हाजीपुढे टेबलावर ठेवली.

"हो, हात माझा," अँब्रोज म्हणाला. आता तो हिंदीत बोलत होता, हाजीला एक शब्दही चुकू नये म्हणून. "माझी बॅग भरलेली आहे, साहेब. बायकोनेच भरली. मला पाठवा. पण हाजी, बाकीचे व्हॉल्व्ह मागवा. बाटलीत अजून टर्पेंटाइन आहे. त्यांच्यावरचा गंज माझा नाही. तो गोवरासारखा असेल, ठिपके ठिपके, सगळीकडे सारखा. तसा गंज चढवणारा बहरीनात एकच माणूस मी पाहिलाय, आणि त्याला मीच शिकवत होतो."

साहेबांनी हात टेबलाखाली घेतले.

उशीर झाला होता. अँब्रोजने पाहिलं होतं. त्या गुलाबी नखांच्या कडांना तपकिरी रेघ होती, कितीही घासली तरी न जाणारी. टर्पेंटाइनशिवाय ती जातच नाही, हे शिकवायचं राहून गेलं होतं. त्याने चाकावरची लख्ख जागा हाजीकडे वळवली.

"ही जागा माझ्या बापाची, हाजी. ती माझ्या सवयीने राहिली. पण बंद पेटीत पडलेल्या चाकाला हात कोणाचा लागतो? हा व्हॉल्व्ह माझ्या घरी कोणाच्या डिकीतून आला? माझ्या बायकोने सुरमई कोणाला वाढली?"

हाजीने टेबलावरची चावी उचलून तळहातावर तोलली. मग दुसरा रिकामा हात साहेबांपुढे पसरला, दुसऱ्या चावीसाठी. "साब," तो थंडपणे म्हणाला, "आदमी पूछ रहा है."

साहेब भिंतीकडे बघत राहिले.

"भिंतीकडे काय बघता?" आता अँब्रोज पुन्हा मराठीत आला, आणि त्याचा आवाज बाहेर टायपिस्टपर्यंत गेला. "हात वर घ्या. टेबलावर ठेवा, सगळ्यांना दिसू द्या. आणि ह्या फिलिपच्या तोंडाकडे बघून सांगा, पेटी कोणी फोडली? बोला!"