सहीचं टेबल आत गेलं

अमेरिकेत व्यावसायिक गोल्फ गोऱ्यांनीच खेळायचं, हा नियम रद्द झाला तेव्हा अलोन्झो पेटिवे चाळिशी ओलांडून बसला होता. बातमी त्याला न्हाव्याने सांगितली. अर्धी दाढी व्हायची होती.

"उशीर झाला, पण रस्ता मोकळा झाला म्हणायचं," न्हावी म्हणाला.

"मोकळा काय, त्यांनीच काटे टाकले होते. उचलले," अलोन्झो म्हणाला आणि उरलेला गाल पुढे केला.

पुढच्या वसंतात तो आणि त्याची बायको व्हर्डेल जुन्या ब्यूकमधून साउथ कॅरोलिनातल्या कॅल्डर स्प्रिंग्जला गेले. क्लबचे अध्यक्ष व्हिटकम्बसाहेब स्वतः गाडीपाशी आले. माणूस सभ्य. हॅट काढली नाही, पण हात हॅटच्या कडेपर्यंत नेला.

"स्पर्धेत तुमचं स्वागत आहे, पेटिवे. मैदान सगळ्यांचं. क्लबची इमारत मात्र सभासदांची खासगी. बूट बदलणं, खाणंपिणं, हे तुम्ही..."

"गाडीत."

"गाडीत," साहेब समाधानाने म्हणाले, जणू गाडी त्यांनीच दिली होती. "आत येणार नाही असा शब्द द्याल?"

"दिला," अलोन्झो म्हणाला.

व्हर्डेलने काच वर केली. "जेवायला बोलवायचं आणि पान अंगणात मांडायचं," ती म्हणाली.

"पान तरी मांडलंय."

"तुझ्या या गुणावर मी भाळले होते. आता त्याचाच राग येतो."

त्याची काठ्यांची पिशवी उचलायला झीक काका मिळाला. या मैदानावर त्याचे केस पिकले होते. पहिल्या दिवशी अलोन्झोचा एक बॉल कुणीतरी टाचेने मातीत पुरला. काकाने तो शोधला, पाहिला आणि म्हणाला, "बटाटा लावलाय बघ. वाट बघितलीस तर उगवेल." अलोन्झोने तो तसाच खेळला. गर्दीतून कुणी माकडाचे आवाज काढले. तो पुढच्या होलकडे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी त्याची जोडी हार्लन स्टब्जबरोबर लागली. स्टब्ज गावचा लाडका, गोरापान, रुंद खांद्यांचा, आणि त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे असलेला. सबंध फेरीत तो अलोन्झोशी "तुझी पाळी" एवढंच बोलला. पण गोल्फमध्ये एक पंचाईत असते. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याचेच फटके मोजून त्याच्या कार्डावर लिहावे लागतात. स्टब्जचं कार्ड अलोन्झोच्या खिशात, अलोन्झोचं स्टब्जच्या.

शेवटचे होल बाकी असताना पाऊस आला, साधासुधा नव्हे. अलोन्झो मात्र त्या दिवशी असा खेळत होता की पावसाने त्याचं काही बिघडत नव्हतं. शेवटचा बॉल पाणी उडवत होलात गेला. पुढच्या फेरीत तो सहज जाणार होता. त्यासाठी फक्त सही हवी होती.

सह्यांचं टेबल मैदानाच्या कडेला तंबूत असायचं. तंबू वाऱ्याने आडवा झाला होता, टेबल उचलून क्लबात नेलं होतं. स्टब्ज धावत आत शिरला. अलोन्झो दारापर्यंत गेला आणि थांबला. दारावर पांढरे हातमोजे घालून रॉस्को उभा होता. तोही काळाच.

"भाऊ," रॉस्को हळू आवाजात म्हणाला, "मला तुला अडवायला लागेल."

"अडवू नकोस. मी येतच नाहीये."

व्हिटकम्बसाहेब आले. "पेटिवे, स्वयंपाकघराच्या दाराने या. कुणाला कळणार नाही."

"स्वयंपाकघर क्लबातच आहे ना साहेब?"

"तांत्रिकदृष्ट्या."

"मग नाही जमणार. मी शब्द दिलाय."

"बरं, कार्ड माझ्याकडे द्या. मी आत नेतो."

यावर आतून पंच फेरिस बोलले. ते बाहेरगावचे, सर्दीने बेजार, आणि त्यांच्यापुढे सूप होतं. "दोघांनी माझ्यासमोर एकत्र बसायचं, एकेक होल ताडून बघायचा, मग सह्या. तुमच्याच स्पर्धेचा नियम आहे, व्हिटकम्ब. तुम्हीच केलाय."

साहेबांनी व्हरांड्याकडे पाहिलं. तिथे पाणी आडवं येत होतं. "मग टेबल बाहेर..."

"माझी छाती भरलीय. मी हलणार नाही."

साहेबांनी खोल श्वास घेतला. "तर मग, पेटिवे, मला फार वाईट वाटतं, पण तुमचं कार्ड धरता येणार नाही. तुम्ही बाद."

अलोन्झोने मान हलवली. तेवढ्यात गळ्यात टॉवेल घातलेला स्टब्ज पुढे आला.

"माझं कार्ड कुठंय?"

"माझ्या खिशात," अलोन्झो म्हणाला. "कोरडं आहे."

"मग दे ना!"

"दोघांनी एकत्र बसायचं, असं आत्ताच म्हणाले."

सगळे फेरिसांकडे वळले. फेरिसांनी चमचा खाली ठेवला. "बरोबर. एकाचं धरता येत नाही तर दुसऱ्याचंही नाही."

स्टब्जचा चेहरा टॉवेलपेक्षा पांढरा झाला. "आत घ्या त्याला! नियम गेला खड्ड्यात!"

"कुठला नियम, हार्लन?" साहेबांनी विचारलं.

"कुठलाही!"

व्हिटकम्बसाहेबांनी आत बसलेल्या सभासदांकडे पाहिलं, मग पावसाकडे, मग गावच्या लाडक्याकडे. "या, पेटिवे," ते म्हणाले. "तुमचा शब्द मी परत करतो. सहीपुरता."

"बूट?"

"काय?"

"खिळ्यांच्या बुटांनी गालिचावर यायचं नाही, अशी पाटी आहे."

त्याने खाली बसून बूट काढले. एका मोज्याला भोक होतं, अंगठा बाहेर. रॉस्कोने ते चिखलाळलेले बूट दोन्ही हातांनी घेतले. पांढरे हातमोजे पार वाया गेले, आणि त्याने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

अलोन्झो आत गेला. काटेचमचे थांबले. तो फेरिसांच्या समोर बसला. त्याला थोरल्या भावाची, व्हर्जिलची आठवण झाली. व्हर्जिल त्याच्याहून फार चांगला खेळायचा. त्याचं आयुष्य गोऱ्यांनीच खेळायच्या त्या नियमातच संपलं.

"नववा होल," फेरिस म्हणाले. "स्टब्ज, तुमचे किती?"

"चार."

"पाच," अलोन्झो म्हणाला. "झुडपातला एक फटका धरून."

स्टब्जने खिडकीबाहेर पाहिलं.

"पाच," तो म्हणाला.

सह्या झाल्या. फेरिसांनी सूप घेणार का विचारलं. "नको, बायको चिकन घेऊन गाडीत बसलीय," अलोन्झो म्हणाला आणि आला तसा बाहेर पडला.

व्हर्डेलने त्याच्या अंगावर घोंगडी टाकली. "आत काय होतं?"

"हरणाचं डोकं. बंद पडलेलं घड्याळ. ओल्या कुत्र्याचा वास."

"एवढ्यासाठी इतकी वर्षं दार लावून बसले?"

त्याला हसू फुटलं, मग हसता हसता रडू. तिने चिकनचा तुकडा हातात दिला आणि तो खाईपर्यंत बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. टेबल पुन्हा बाहेर आलं. स्टब्ज समोरून येताना म्हणाला, "तो पाचच होता." एवढंच. रविवारी अलोन्झो पहिल्या वीसांत राहिला. स्टब्ज एका फटक्याने हरला, आणि तो कुठला फटका हे गावात सगळ्यांना तोंडपाठ झालं.

क्लबाने हिवाळ्यात सभा भरवून ठराव केला, की स्पर्धेच्या काळात सर्व खेळाडूंना इमारतीत प्रवेश राहील. कारण म्हणून ठरावात लिहिलं होतं: पावसाची शक्यता.

पुढच्या वर्षी तीन काळे खेळाडू आले. अलोन्झो दोन दिवसांतच बाद झाला. तिसऱ्या दिवशी तो झीक काकाबरोबर प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोराच्या कडेला उभा राहून त्या तिघांतल्या ह्यूस्टनच्या नव्या खेळाडूला बघत होता. त्याचा बॉल उंच गेला, वळला आणि होलाजवळ पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी नाही.

"कसा वाटतो?" काकाने विचारलं.

अलोन्झोने रिकाम्या हातांनी तोच फटका मारून बघितला.

"बरा आहे," तो म्हणाला. "खांदा जरा लवकर फिरवतो. सांगायला हवं त्याला."

आणि फेरी संपताच तो सांगायला गेला.